तुझा धवला किती वेळा

आय,

आपल्या दुकानाने फोनवर किती वेळा तोंड उघडावं, हे ठरवायला मला एक अख्खी लग्नसराई लागली. तुला हे सांगायचं तर आधी दुकान कुठलं ते सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा ते नव्हतं. घणसोली गावातल्या आपल्या घराची पुढची खोली, जिथे तू दुपारी पाय पसरून सुपारी कातरत बसायचीस, तिथे आता शटर आहे. आत कापडी झालरी, पितळेच्या समया, बांबूच्या चौकटी, खोट्या झेंडूच्या माळांनी भरलेली खोकी. वरच्या मजल्यांवर भाडेकरू राहतात, ऐरोलीच्या कंपन्यांत कामाला जाणारी मुलं. मी हळदीचे आणि लग्नाचे मांडव सजवते. मांडवातून परत येताना तू पदरात उरलेली शेवंती बांधून आणायचीस आणि मी ओट्यावर बसून तिचे गजरे करायचे. धंदा तिथूनच लागला असं मी लोकांना सांगते. ऐकायला बरं वाटतं आणि खरंही आहे.

तू कोण होतीस, हे परवा मला एका परक्या मुलीला समजावून सांगावं लागलं. ती माझ्या मुलीची ऑफिसमधली मैत्रीण, नागपूरकडची. घरी जेवायला आली होती. तिने विचारलं, "काकू, धवलारीण म्हणजे नक्की काय?" मी भात वाढता वाढता थांबले. मग सांगितलं की आमच्याकडे लग्नात भटजी असतोच, पण त्याच्या आधी आणि त्याच्या मागे एक बाई असते. मांडवाची मेढ रोवली की ती गाते, हळद लागताना गाते, नवरी उठताना गाते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती गाऊन देवांना बोलावते, घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते, आणि ते सगळे आले की मगच हळदीचा हात पुढे होतो. "आणि तुमच्या आईंना हे कोणी शिकवलं?" त्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, बाप गेला तेव्हा मी पाळण्यात होते. गावातली म्हातारी धवलारीण तिला सोबत घेऊन जायला लागली, एवढंच मला माहीत आहे. विधवा बाई इतर वेळी शुभकार्यात मागे भिंतीला टेकून बसायची, पण धवलारीण झाल्यावर तिला पहिला पाट मिळायचा. हे सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण माझ्या मुलीने माझ्या हातातून भाताचं पातेलं काढून घेतलं.

तू घरात कधी गायली नाहीस. मला तो दिवस आठवतो, चुलीजवळचा. तू तांदळाच्या भाकरी थापत होतीस, पिठाचे हात, कपाळावर घाम, आणि मी शाळेतून येऊन दप्तर टाकून तुझ्या मागे लागले होते की एक धवला म्हण, कालच्या लग्नातला म्हण. तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. मी पुन्हा म्हणते. मग तू भाकरी तव्यावर टाकतेस आणि माझ्याकडे वळतेस.

"घरान कोनाचा लगीन हाय का?"

"नाय."

"मंग देवांना कशाला बोलावू? बोलावल्यावर ते येतान. दारान उभे राहतील. त्यांना काय सांगू, पोरीला ऐकाचा होता म्हनून सहज बोलावला?"

तू रागाने बोलली नव्हतीस. मला खरंच वाटलं की दारात कोणीतरी येऊन उभं राहील आणि आपल्याकडे त्याला बसायला द्यायला धड पाटही नाही. तू भाकरी फुगवलीस, माझ्या ताटात टाकलीस आणि पुन्हा कधी मी तुला घरात गा म्हटलं नाही.

आता फोनचं. हल्ली लोक दुकान शोधत रस्त्यावरून फिरत नाहीत, फोनवर फिरतात. प्रत्येक दुकानाचं फोनवर एक पान असतं, तिथे रोज काहीतरी टाकायचं, फोटो, छोटे व्हिडिओ. आपलं पान माझी मुलगी बघते. तू गेलीस तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती, तुझ्या दशक्रियेला माझ्या मांडीवर झोपून गेली होती. आता तिचं ओळखपत्र गळ्यात असतं आणि ती माझ्याशी धंद्याच्या भाषेत बोलते. सुरुवातीला आम्ही मनाला येईल तेव्हा फोटो टाकायचो. एखादा मांडव चांगला जमला की टाकायचा, नाही जमला तर नाही. मग ठाण्याकडचे, पनवेलकडचे मोठे डेकोरेशनवाले आपल्या गावातल्या हळदी घ्यायला लागले. ज्या घरांत तू गायलीस त्या घरांतले लोक मला रस्त्यात भेटून सांगायचे, "अगं, तू हे काम करतेस हे लक्षातच नाही आलं गं. पोरांनी फोनवरून ठरवलं." मुलगी म्हणाली, "बघ आई, तू दिसत नाहीस म्हणून तू नाहीस. रोज एक तरी पोस्ट गेली पाहिजे. गॅप पडला की आपण खाली जातो, मग कोणालाच दिसत नाही."

"रोज लग्न असतं का?" मी विचारलं.

"लग्न नसलं तरी पोस्ट असते."

मला ते वाक्य विचित्र वाटलं होतं, पण मी मान्य केलं. कामं हातची जात होती आणि ती चार बुकं जास्त शिकलेली. आम्ही रोज टाकायला लागलो. मांडव नसेल त्या दिवशी मी माळ ओवताना नुसते माझे हात. कधी समया घासताना. कधी जुन्याच फोटोला नवीन गाणं लावून. थोडा फरक पडला, फार नाही.

मग तिला शूटिंगच्या सीडी सापडल्या. गावातल्या लग्नांच्या, जुन्या. त्या काळी प्रत्येक लग्नात तो एक शूटिंगवाला यायचा, डोक्यावर भगभगीत लाइट घेऊन, आणि नंतर नवरा-नवरीच्या भोवती बदामांची आणि गुलाबांची चौकट घालून सीडी द्यायचा. चुलत घरातून, शेजाऱ्यांकडून पोरीने त्या गोळा केल्या, ऑफिसातल्या कोणाच्या तरी जुन्या मशीनवर घालून फोनमध्ये उतरवल्या. आणि एका संध्याकाळी ती माझ्यासमोर फोन धरून उभी राहिली. तळवलीतल्या एका लग्नाची हळद होती. पिवळ्या साडीतली नवरी पाटावर बसलेली, हसणारी, तोंडात सगळे दात दिसतायत. आणि तिच्या डाव्या अंगाला, अर्धी चौकटीच्या बाहेर, तू. डोक्यावर पदर, नजर खाली, एक हात गुडघ्यावर ताल धरतोय. तू कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नाहीस. नवरी हसते, बायका हळद लावतात आणि तू गातेस.

पोरगी म्हणाली, "आई, हे टाकूया." मी हो म्हटलं. मला वाटलं, चार गावातली माणसं बघतील, म्हणतील, अरे, ही ना.

आय, तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. अलिबागच्या, उरणच्या, वसईच्या बायकांनी खाली लिहिलं की आमची आजी असंच गायची. परदेशात राहणाऱ्या कोणीतरी लिहिलं की रात्री झोपताना लावून ठेवते. आणि कामं यायला लागली. पहिल्यांदा मला टेम्पो भाड्याने घ्यावा लागला. माझ्याकडे फुलं ओवायला बायका कमी पडायला लागल्या. पोरगी रात्रंदिवस उत्साहात. म्हणाली, "आजी हीच आपली ओळख आहे. आता आजी रोज." आणि तुझा आवाज रोज जायला लागला. झालरीच्या फोटोमागे तुझा आवाज. झेंडूच्या माळेमागे तुझा आवाज. साड्या ठेवायच्या ट्रेची सजावट दाखवली, त्याच्यामागेही तू, पितरांना नावाने बोलावताना.

मी अडवलं नाही. मला चुलीजवळचा दिवस आठवला नाही असं नाही. पण आवाज घरातून येतोय, चालता-बोलता येतोय, गल्लीतून जाणारी पोरं फोनवर तुला ऐकतायत, याने मला बरंही वाटत होतं. तू गेल्यापासून गावात तुझं नाव कोणी घेत नव्हतं. दुसऱ्या धवलारणी होत्या, त्याही आता म्हाताऱ्या झाल्या, आणि बऱ्याच लग्नांत तर हळदीला सरळ डीजेच लागतो.

त्या लग्नसराईत दोन गोष्टी झाल्या ज्यांनी माझं मन खट्टू झालं. एक छोटी होती. रबाळ्याला हळद होती. नवरीला हळद लावून झाली, बायका उठायला लागल्या, आणि माझी पोरगी पुढे होऊन म्हणाली, "एक मिनिट, परत एकदा लावाल का? या अँगलने नीट आलं नाही, आज टाकायचंय." नवरीची आत्या होती, जाडजूड, हात हळदीने कोपरापर्यंत माखलेले. ती म्हणाली, "हलद सुकली तिच्या अंगावर. आता काय पुन्यांदा लगीन लावू?" बाकीच्या हसल्या. पोरगीही हसली. पण नवरी काही हसली नाही, ती तशीच पाटावर परत बसली, मान खाली घालून, आणि तिने गाल पुढे केला, जसं आपण डॉक्टरपुढे करतो. ते मला दिसलं.

दुसरी गोष्ट आपल्याच गल्लीत झाली. एका घरातल्या थोरल्या मुलाचं लग्न, आणि धवलारीण मिळाली नाही. होती ती दुसऱ्या गावी ठरलेली. मुलाची आई माझ्याकडे आली, म्हणाली, "तुझ्या आईचा आवाज हाय ना तुझ्याकडं? तोच लाव स्पीकरवर. ती आमच्या सगळ्यांच्या लग्नात होती, आता माज्या पोराच्या पन होईल." मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगू, मला आनंद झाला. मी स्पीकर स्वतः मांडवाच्या खांबाला बांधला आणि भोवती शेवंती लावली.

मुलाला पाटावर बसवलं, बायका ताटं घेऊन पुढे आल्या, पोरीने फोनवर बोट लावलं आणि तू गायला लागलीस. सगळा मांडव शांत झाला. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी खांबाजवळ उभी होते. पण तू कशी गायचीस ते मी विसरले होते. तू हाताकडे बघून गायचीस. एखाद्या आजीचा हात थरथरला, तिला वाकायला वेळ लागला, तर तू तीच ओळ पुन्हा घ्यायचीस, तिचं होईपर्यंत. कोणाला घाई असेल तर तू आटोपतं घ्यायचीस. स्पीकरमधली तू कोणाकडे बघत नव्हतीस. ताटातली हळद अर्धी झाली नव्हती, मुलाची आजी जेमतेम खुर्चीतून उठून पुढे येत होती, आणि आवाज तुटला. व्हिडिओ तेवढाच होता. क्षणभर कोणाला कळेना. पोरीने घाईने पुन्हा सुरुवातीपासून लावायला बोट नेलं, मी लांबूनच मान हलवली, नको. पहिल्यापासून लावणं म्हणजे आलेल्या देवांना पुन्हा या म्हणणं. म्हातारी चालत राहिली. तिच्या चपलांचा आवाज येत होता. तिने नातवाच्या गालाला हळद लावली, बोटं त्याच्या गालावर ठेवून तशीच उभी राहिली, आणि मग मागून डीजेवाल्याने गाणं सुरू केलं.

घरी येऊन मी पोरीला म्हटलं, "आजीला रोज नको टाकूस." ती म्हणाली, "स्पीकरचा आणि पेजचा काय संबंध, आई? ते वेगळं, हे वेगळं." तिचं चुकीचं नव्हतं. मला माझं म्हणणं मांडता येत नव्हतं. आम्ही वाद घातला, मग दोघी थकलो, मग ते तसंच सुरू राहिलं.

मग तळवलीची मावशी आली.

दुपारची वेळ होती, मी दुकानात तारेला फुलं बांधत होते. शटरच्या बाहेर एक बाई येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, स्वच्छ नऊवारी, हातात कापडी पिशवी. आत ये म्हटलं तरी चटकन आली नाही. म्हणाली, "तू धवलारनीची पोर ना?"

"हो मावशी. हळदीचं काम आहे का?"

"नाय. काम नाय." ती स्टुलावर बसली. मी पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं. "तुझ्या फोनवर ती हलद हाय ना, तलवलीची. ती पिवल्या साडीतली माजी पोर."

मला त्या नवरीचे सगळे दात आठवले. मी म्हटलं, "हो का? बरी आहे ना ती? कुठे असते?"

तिने पाणी प्यायलं. मग म्हणाली, "गेली ती. तीन पावसाले झाले. ताप आला, चार दिवसान गेली."

आय, मी हातातली तार खाली ठेवली.  लोकांनी त्या व्हिडिओखाली काय काय लिहिलं होतं ते मला एकदम आठवायला लागलं, नवरी किती गोड आहे, आता कुठे असेल, नवरा नशीबवान. आम्ही त्याला बदाम देत बसलो होतो. मी म्हटलं, "मावशी, मला माहीत नव्हतं. काढून टाकते. आत्ता काढते."

"नको काढू. काढ बोलाला मी आले नाय." ती घाबरल्यासारखी झाली. "नातवाने फोन दिलाय मना. मी जेवनाचे व्हिडिओ बघतय. परवा सुकटीचा बघत होते, त एकदम माजी पोर समोर आली. हसत. काल भाजी निवडत होते, पुन्हा आली. हातातला पडतय माज्या. मना फकस्त एक सांग. तू ती कवा कवा टाकतंस?"

"म्हणजे?"

"दिवस सांग ना. सोमवारी टाकतंस का, शुक्रवारी टाकतंस? मी त्या दिवशी तयारीन बसन. तोंड धुवन, दार लोटन, मंग बघन. बघाचीच हाय मना. पन असा मधीच नको."

 मी पोरीला फोन लावला, ती ऑफिसात होती. तिला सगळं सांगितलं.  मग हळू आवाजात म्हणाली, "आई, दिवस नाही सांगता येत. आपण सोमवारी टाकलं तरी ते तिला कधी दिसेल ते आपल्या हातात नसतं. शुक्रवारी दिसेल, पुढच्या महिन्यात दिसेल. लोक जेवढं बघतील तेवढं ते परत परत वर येतं." मी तेच मावशीला समजेल असं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. एखादी औषधाची वेळ समजून घ्यावी तसं. मग पिशवीची दोरी बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "मंजे तुज्या पन हातान नाय."

"नाही मावशी."

"मंग काढ. पन आधी मना दे."

तिच्या फोनमध्ये मी तो व्हिडिओ वेगळा पाठवला, तिला एकटीला. कुठे दाबलं की उघडतो ते दाखवलं. तिने माझ्यासमोर तो उघडला नाही. फोन पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं. दारातून वळून म्हणाली, "तुझी आय त्या दिवशी आमच्याकड जेवली नव्हती. घसा बसला होता तिचा, फकस्त पेज पिली. तरी सकालपर्यंत गायली." आणि गेली.

संध्याकाळी पोरगी आली. मी म्हटलं, तो व्हिडिओ काढ. ती सोफ्यावर बसली, बूटही काढले नाहीत. म्हणाली, "आई, ती आपली सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट आहे. अर्धी कामं तिच्यामुळे आलीत. मावशींना आपण ब्लॉक करून देऊ, त्यांना दिसणारच नाही."

"आणि तिच्या नवऱ्याला? त्या पोरीच्या मुलांना? त्यांनाही ब्लॉक करणार?"

तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"खूप चालली ती पोस्ट," मी म्हटलं. "आता बसू दे तिला."

तिने माझ्यासमोर काढली. काढताना तिचा चेहरा रडवेला झाला होता, आणि तो फक्त धंद्यासाठी नव्हता. ती म्हणाली, "मला आजी आठवत नाही ना. मला याच्यातच दिसते ती." हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. मग आम्ही पहिल्यांदा भांडण न करता ठरवायला बसलो की किती वेळा बोलायचं.

ठरलं ते काही फार हुशारीचं नाही, आय. ज्या घरी आपण मांडव घातला, त्या घरचं कार्य पुरं झालं, पाहुणे गेले, घरातल्या मोठ्या बाईने हो म्हटलं, की त्या मांडवाचं एकदा टाकायचं. आठवड्यात दोन लग्नं असली तर दोनदा, एक असलं तर एकदा. नसलं तर नाही. चातुर्मासात लग्नंच नसतात, तेव्हा आठवड्यातून एकदा, नुसतं कामाचं, माळ कशी ओवायची, पानं कशी ताजी ठेवायची. हळद लागताना कोणाला पुन्हा लाव म्हणायचं नाही. आणि तू? ज्या लग्नांत तू गायलीस त्या एकेका घरी जाऊन विचारायचं. पाटावर बसलेली माणसं आहेत का, कशी आहेत, चालेल का. चालेल म्हणाले तर लग्नसराई लागताना एकदा तुला टाकायचं, आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत नाही. "वर्षातून एकदा?" पोरीने विचारलं. मी म्हटलं, "ती आवतणाशिवाय जायची नाही." ती हसली नाही, पण तिने फोनमध्ये तसं लिहून ठेवलं.

कामं कमी झाली. खोटं कशाला बोलू. ठाण्याकडची, कल्याणकडची कामं हळूहळू थांबली, टेम्पो सोडला. गावातली, तळवलीतली, रबाळ्याची राहिली. तेवढ्यात आपलं भागतं. पोरगी काही महिने घुश्श्यात होती, अधूनमधून दुसऱ्यांची पानं मला दाखवायची, बघ, हे रोज टाकतात. आता दाखवत नाही. घरोघरी विचारायला मीच जाते. एका घरी नवरा-नवरी वेगळे झालेत, म्हणाले नको. एका घरी म्हातारा रडला आणि म्हणाला, टाक, माझी बायको त्यात तांदूळ निवडताना आहे. भाद्रपदात, जेव्हा तू गेलीस त्या दिवसांत, पान गप्प असतं. तुला घेऊन गेले तेव्हा गल्लीतली एक बाई म्हणाली होती, "बरा झाला, धवलारीन लग्नसराईत नाय गेली, कोनाचा लगीन अडला नाय." तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, तूही तेच म्हणाली असतीस.

तळवलीच्या मावशीचा मधून मधून फोन येतो, बहुतेक रविवारी, जेवणं झाल्यावर. ती त्या व्हिडिओचं कधी बोलत नाही. शेवंती महाग झाली का विचारते, तुझ्या पोरीचं कुठे जमतंय का विचारते. तिचा आवाज जड असतो, आणि मी ओळखते की आत्ताच बघून झालंय. मी फुलांचे भाव सांगत राहते, ती हं हं करत राहते, तिचा आवाज नीट होईपर्यंत.

तुला अक्षर येत नव्हतं. घरी काही कागद आला की तू मला हाक मारायचीस, मी वाचून दाखवायचे, आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. मग हे सगळं मी का लिहून काढलं कोण जाणे. पाठवायला जागा नाही, आणि असती तरी तिथे तुला वाचून दाखवायला मी नाही.

एक राहिलं. माझ्या लग्नात धवलारीण कोण असावी यावर बायकांची चर्चा झाली होती, आईनेच मुलीला गावं का म्हणून. तू म्हणालीस, "दुसरी आनाल त मी तिच्या चुका मोजत बसन." आणि तूच गायलीस. मांडवातल्या सगळ्या बायका रडल्या, फक्त तू नाहीस, कारण तुला पुढची ओळ घ्यायची होती. मी निघाले तेव्हा एका ओळीनंतर तू बराच वेळ थांबलीस, श्वास घेत, आणि तुझा हात गर्दीत माझा हात शोधत राहिला. तो शूटिंगवाल्याने टिपला होता. पोरीने सगळ्या गावाच्या सीडी जमवताना मला विचारलं, "आई, तुझी कुठेय?" मी सांगितलं की ती कधीच पावसाच्या पाण्यात भिजली, बुरशी आली, टाकून दिली.

ती कोरडी आहे, आय. कपाटात आहे.